टोपली वर पोचेपर्यंत

आमची टेकडी चढायला पंधरा मिनिटं लागतात. दम लागणाऱ्याला वीस. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या भाऊरायानं पुण्यात जाऊन तिचा पार हिमालय करून टाकला आहे. मित्रमंडळींना तो मोबाइलवरचे फोटो दाखवतो. पहाटेची थंडी, दहिवरानं पांढरंफेक झालेलं गवत, धुकं, आणि त्या धुक्यात डोक्यावर टोपली घेऊन चाललेला म्हातारा बाप, पाठमोरा. "आमच्या गोंदियाकडं अशी परंपरा आहे," असंही म्हणत असेल. म्हणो बापडा. त्या फोटोनंतर दहा-बारा पावलांवर काय झालं ते तो सांगतो की गाळतो, मला ठाऊक नाही. मी सांगते.

केशोरीकडचं आमचं गाव. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि एका अंगाला ही टेकडी. वर शेंदूर फासलेले तीन दगड आहेत. त्या देवाला नाव नाही, आम्ही नुसतं 'वरचा' म्हणतो. धानाचा चुरणा आटोपला, म्हणजे मळणी होऊन धान कोठीत पडलं, की पौषातल्या एका सोमवारी पहाटे नव्या धानाची पहिली टोपली वरच्याला वाहायची. ती वाहिल्याशिवाय घरात नवा तांदूळ शिजत नाही. हा रिवाज साऱ्या गावाचा नाही, एका आज्याच्या पोटच्या आमच्या चार घरांचा आहे. नियम दोनच. पायात काही घालायचं नाही. आणि टोपली उंबऱ्याबाहेर पडल्यापासून धान वर दगडांपुढं ओतेपर्यंत बरोबरच्या कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणी बोललं तर टोपली उष्टी झाली म्हणतात. उष्टी टोपली तिथूनच मागं फिरते. मग पुढच्या हंगामापर्यंत चारही घरांत नव्या तांदळाचा दाणा शिजत नाही. कोठी काठोकाठ भरलेली, आणि घरातली बाई पिशवी घेऊन दुकानात तांदूळ आणायला निघालेली, असं ते दृश्य असतं.

मी ते पाहिलं आहे, कारण ते माझ्यामुळंच घडलं होतं. मी नऊ वर्षांची असेन. पहिल्यांदाच मला बरोबर नेलं होतं, तेही मी रडून रडून जीव खाल्ला म्हणून. अर्ध्या वाटेवर झुडपातून कोल्हा निघाला आणि माझ्या अगदी पायापाशी येऊन थांबला. मी ओरडले, "माय वं, कोल्हा!" झालं. टोपली घेतलेले आजोबा जागच्या जागी थांबले, वळले आणि काही न बोलता खाली चालू लागले. बोलले ते आमचे चुलत काका. "पोट्टीनं टोपली उष्टी केली," असं ते गावात शिरल्यापासून घरोघर सांगत गेले. होळीपर्यंत जुना तांदूळ पुरला, पुढं विकत आणावा लागला. त्या वर्षी चार घरांतली एकही बाई माझ्याशी धड बोलली नाही. बाबांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. बाबा माझ्या बाजूनंही एक शब्द बोलले नाहीत. नऊ वर्षांच्या पोरीनं कोल्हा पाहून ओरडायचं नाही तर काय त्याला रामराम करायचा?

त्यानंतर कितीतरी वर्षं मला कोणी वर नेलं नाही आणि मीही कोणाच्या पाया पडले नाही. मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्न केलं नाही, घरीच राहिले. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तो पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. पूर्वी मला 'बाई' म्हणायचा, आता 'ताई' म्हणतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं नाही पण नजर सुधारलीही नाही, आणि दुसऱ्याला काचबिंदू. वाटीतली भाजी कोणती हे वासावरून ओळखतात. तेव्हापासून टेकडीवर जाताना त्यांच्या पायापुढं बॅटरीचा उजेड धरायला एक माणूस लागू लागला. ते माणूस म्हणजे मी. उजेड धरायला पोरगी चालते बरं का! टोपली धरायला चालत नाही.

ही टोपली माझ्याजवळ द्या, असं मी दर वर्षी म्हणायचे. दर वर्षी बाबांचं उत्तर तेच. "घरच्या कर्त्या मानसाच्या डोक्यावर जाते ते. अजून मी मेलो नाही." एकोणऐंशी वर्षांचा कर्ता माणूस! शेतीत रोवण्यापासून चुरण्यापर्यंत सगळं मी बघते, मजूर मी आणते, शाळा सुटल्यावर चिखलात मी उतरते. पण ते जाऊ द्या. ते दुखणं जुनं आहे, त्याची सवय झाली आहे.

यंदा गोष्ट वेगळी होती. पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कामासाठी मुरूम हवा म्हणून एका ठेकेदारानं आमच्या टेकडीला हात घातला. जेसीबी लावून पूर्वेची कूस अशी कापली की वाटेच्या कडेला, हातभर अंतरावर, दोन पुरुष खोल खड्डा उभा राहिला. सरळ कापलेला. मी पंचायतीत जाऊन भांडले. एकटी भांडले, कारण बाकीच्यांना रस्ता हवा होता. खूप आरडाओरडा केला तेव्हा त्यांनी सुरक्षेची सोय केली. काय सोय केली? कडेनं चुन्याची पांढरी रेघ ओढली. पौषातल्या पहाटे, गवतावर दहिवर साचून सगळी टेकडी पांढरी झालेली असताना, पांढरी रेघ! अक्कल गहाण टाकलेली माणसं सगळी.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांना सरळ सांगितलं, "यंदा या वाटेनं नको. मागच्या बाजूनं जाऊ. दहा मिनिटं जास्ती लागतीन, पन खड्डा नाही तिकडं."

"वाट बदलवाची नाही," बाबा म्हणाले. "तुया आजाच्या बापानं पाडलेली वाट आहे."

"बाबा, तुमाले दिसत नाही."

"मले दिसाले कायले पायजे? माया पायाले वाट मालूम आहे."

भाऊ सकाळीच गाडी घेऊन आला होता आणि ओसरीवर पाय पसरून मोबाइल चाळत होता. मी त्याच्याकडं बघितलं. निदान हा तरी बोलेल. तर तो मान वर न करता म्हणतो, "अगं ताई, एवढंसं तर चढायचं आहे. बाबांना वाईट वाटेल." वर्षातून एक दिवस येणार, सकाळी टेकडी चढणार, दुपारी नव्या तांदळाचा भात खाऊन पिशवीभर घेऊन जाणार, आणि बाबांना वाईट काय वाटेल हे मला सांगणार! मी म्हणाले, "तू नं चूप राह्य." चूप बसलाच होता म्हणा तो.

चुलत काकांना विचारलं. सत्तरी ओलांडलेले, पण काटक, टेकडी बकरीसारखे चढतात. रिवाजाच्या बाबतीत चारही घरांचा न्यायनिवाडा तेच करतात, कोणी नेमलेलं नसताना. ते म्हणाले, "मी समोर कंदील घेऊन राहीन. तू मांगून बॅटरी धर. एवढं का होते?" काही होत नाही. म्हातारा आंधळा, वाटेला दरी, आणि बोलायची बंदी. काय होणार!

सोमवारी पहाटे साडेपाचला निघालो. दार उघडलं तर अंगणातली तुळसही दिसेना. असं धुकं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी हे लोक म्हणतील की उजाडू द्या. तोंडातून निघणारच होतं माझ्या, पण तेवढ्यात बाबांनी टोपली डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडला, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. टोपलीवर लाल फडकं बांधलेलं होतं. पुढं काका कंदील घेऊन, त्यांच्यामागं बाबा, मग मी, आणि शेवटी भाऊ. भावानं पायात मोजे घातले होते. चप्पल नाही ना, मोजे. थंडी वाजते म्हणे त्याला. काकांनी बघितलं आणि काही खूण केली नाही. मी असते मोज्यात तर टोपली पुन्हा घरात गेली असती.

ज्या माणसाला खूप राग आला आहे आणि बोलायची बंदी आहे, त्याचे पंधरा मिनिटांत काय हाल होतात ते मला विचारा. पाय गारठून लाकूड झाले होते, गवताचं पाणी पोटऱ्यांपर्यंत चढत होतं, आणि मी मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत चालले होते. पहिला ठेकेदार. मग पंचायत. मग काका. काकांवर बराच वेळ गेला. मग बाबा. ताठ मानेनं, दोन्ही हात टोपलीला लावून, हळूहळू पण न थांबता चालले होते. उघड्या पायांचे तळवे बॅटरीच्या उजेडात वर-खाली होताना दिसत होते, भेगाळलेले, ओल्या मातीनं काळे. हा माणूस म्हातारपणी आपल्या हाती आलाय, नीट सांभाळायचाय, असं एकीकडं वाटत होतं. आणि एकीकडं वाटत होतं की टोपली हिसकावून घ्यावी आणि म्हणावं, बस करा आता हे सोंग. बॅटरीचा उजेड दोन हातांपलीकडं जातच नव्हता. पांढऱ्या भिंतीवर मारावा तसा तो धुक्यावर आपटून परत येत होता. म्हणून मी तो त्यांच्या पायांवरच धरून ठेवला होता. माझं तेवढंच काम होतं. तेवढंच.

अर्ध्याच्या वर आलो. इथं तेंदूचं एक झाड आहे आणि झाडापासून वाट उजवीकडं वळते. समोर पूर्वी नुसता उतार होता. आता खड्डा होता. वळणावर काकांचा कंदील उजवीकडं गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर कोणीतरी टकटक केलं. मी दचकून मागं वळले. भावानं मोबाइल माझ्या डोळ्यांपुढं धरला. बोलायचं नाही म्हणून शहाण्यानं त्याच्यावर टाइप करून आणलं होतं. "काय मस्त ना? बर्फ पडल्यासारखं. मनाली वाटतंय अगदी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बर्फ! मनाली! मी बॅटरी त्याच्या तोंडावर मारली आणि दुसऱ्या हातानं खूण केली, ठेव ते खिशात. तो हसला आणि पुन्हा टाइप करायला लागला. मी दात ओठ खाल्ले आणि पुढं वळले.

किती वेळ गेला असेल? चार-पाच पावलांचा. चार-पाच पावलं माझा बाप अंधारात चालला होता, कारण उजेड माझ्या हातात होता आणि मी तो भावाच्या तोंडावर धरला होता. त्यांच्या पायाला वाट मालूम होती, ते खोटं नव्हतं. तेंदूच्या झाडापाशी जमिनीतून वर आलेला एक दगड होता. त्याला पाय लागला की उजवीकडं वळायचं, हे त्यांच्या पायाला साठ-सत्तर वर्षं पाठ होतं. पण जेसीबीनं तो दगड उखडून नेला होता. पायाला दगड लागला नाही, म्हणून बाबा वळले नाहीत. मी बॅटरी पुढं केली तेव्हा लाल फडकं समोर होतं, सरळ, खड्ड्याच्या दिशेनं.

मी ते पाहिलं. हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं आणि एका माणसाखेरीज कोणाला सांगितलंही नव्हतं. मी पाहिलं, मला कळलं, आणि शब्द माझ्या तोंडात आला. 'बाबा.' दोन अक्षरं. अजून दोन-तीन पावलं बाकी होती. हाक मारली असती तर ते थांबले असते, नक्की थांबले असते. आणि मी ती हाक गिळली. एकावन्न वर्षांची मी, तीस वर्षं पोरांना 'घाबरू नका, बोला' म्हणून शिकवणारी मी! कारण डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की आता बोललीस तर टोपली पुन्हा तुझ्यामुळं फिरणार. मी हाक मारायच्या ऐवजी धावले. टाळी वाजवता आली असती. टाळीला कुठं बंदी होती? खडा मारता आला असता पाठीत. ते काही सुचलं नाही. माझा हात त्यांच्या धोतराला लागला, आणि ते गेले.

ओरडले नाहीत. नुसता मुरूम घसरल्याचा आवाज आला, मग धप्प झालं, आणि मग काही नाही.

तेव्हा मात्र माझं तोंड उघडलं. "बाबा! बाबा!" भाऊ धावत आला. त्यालाही कळलं आणि तोही लहान पोरासारखा रडत हाका मारायला लागला. खाली बॅटरी मारली तर सगळं पांढरं. तळ दिसेना, माणूस दिसेना. कंदील मागं वळून आला. आणि काकांनी काय करावं? ओठांवर बोट ठेवलं! शप्पथ सांगते, ओठांवर बोट ठेवलं.

"बोट काढा तोंडावरचं!" मी किंचाळले. "बाबा पडले खाली!"

काका कंदील वर धरून इकडंतिकडं बघू लागले. ते टोपली शोधत होते.

आम्ही हाका मारत राहिलो. "बाबा, आवाज द्या! बाबा, हूं तरी म्हना!" काही उत्तर नाही. मला वाटलं, संपलं. डोकं दगडावर आपटलं असेल आणि संपलं असेल. कापलेल्या कडेवरून उतरता येण्यासारखं नव्हतं, म्हणून पुन्हा खाली पायथ्यापर्यंत धावत गेलो आणि टिप्परच्या रस्त्यानं फिरून खड्ड्यात शिरलो. तेवढ्या वेळात मी माझ्या बापाचं मरण पूर्ण पाहून घेतलं. तिरडी पाहिली, खांदा देताना भाऊ पाहिला, माझ्या तोंडातली ती न मारलेली हाक पाहिली.

बाबा मुरमाच्या ढिगाला टेकून बसले होते. एक पाय असा वाकडा पडला होता की माणसाचा पाय तसा पडत नाही. टोपली मांडीत होती, दोन्ही हातांनी कवटाळलेली. फडकंही सुटलं नव्हतं. डोळे उघडे होते. मी गुडघ्यावर पडून त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, "बाबा, बाबा," म्हणत. त्यांनी माझा हात बाजूला केला. ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट वर केलं, टेकडीच्या दिशेनं. म्हणजे आधी हे नेऊन ओता.

क्षणभर मला काही समजेना. मग समजलं. "बाबा," मी म्हणाले, "आमी हाका मारून राहिलो होतो, ते ऐकू येत होतं तुमाले?"

त्यांनी मान हलवली. हो.

"सारं?"

हो.

मी माझ्या बापाला त्या खड्ड्यात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. "मरून राहिले होते तुमी, अन् बोट कायचं दाखवून राहिले!" एवढं त्यातलं सभ्य. आमचा जीव टांगणीला लावून हा माणूस खाली मुकाट बसून होता, खुब्याचं हाड मोडलेलं, कळा मस्तकात जात असतील, वर पोटची पोरं गळा फाडून रडतात, आणि हा हूं की चूं करत नाही. का, तर टोपली अजून पोचली नाही! मी त्यांना गदागदा हलवणारच होते, भावानं मला धरलं. आणि तेवढ्यात काकांनी वाकून बाबांच्या मांडीतली टोपली उचलली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि चालू लागले. माणूस मोडून पडलेला, आणि हे वर चालले धान ओतायला. मी त्यांच्या पाठीवर ओरडले, "काका, थांबा, उचलाले चौघं पायजेत!" मागं वळूनही बघितलं नाही त्यांनी.

गावातून माणसं आली, बाज आली. बाजेवर घालून बाबांना रस्त्यापर्यंत आणलं तेव्हा काका वरून परत आले आणि म्हणाले, "पोचली." मग बाबांनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा कण्हले. असे कण्हले की बाजेला खांदा दिलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी काकांना तिथंच सर्वांसमोर धरलं. "आमी एवढे ओरडलो. टोपली उष्टी नाही झाली?"

"टोपली ज्याच्या हाती, त्याचं तोंड पायतात," काका शांतपणे म्हणाले. "त्यानं तोंड उघडलं नाही. टोपली साफ आहे."

"मंग मी नऊ सालाची होती तवा टोपली काय माया डोक्यावर होती?"

काकांनी धोतर झटकलं. "तवाची गोष्ट अलग होती," म्हणाले आणि घराकडं गेले. चाळीस वर्षं माझ्या माथ्यावर मारलेला शिक्का आणि त्याचं एवढंच उत्तर.

गोंदियाला नेलं, ऑपरेशन झालं, खुब्यात रॉड टाकला. भाऊ आठ दिवस राहिला, मन लावून राहिला, खोटं कशाला बोलू. मग गेला. आणि घरी माणसांची रीघ लागली. चार घरांतलीच नाही, साऱ्या गावातली, देवरीकडचे पाहुणेसुद्धा. यायचे, बाबांच्या पायापाशी हात जोडायचे. "पडला पन बोलला नाही म्हनते!" "असा मानूस आता कोठी पाहाले भेटते!" बाबा अंथरुणात पडल्या पडल्या हसायचे. मी चहा करायचे. मला वाटायचं, एकेकाची बकोटी धरून विचारावं, कौतुक कायचं आहे? त्याची दोन्ही लेकरं वरती बोंबलत होती, ते नाही दिसत? ठेकेदाराला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचा खड्डा तसाच आहे, चुन्याची रेघ तेवढी पुन्हा ओढली.

आणि त्या सगळ्या गर्दीत एक गोष्ट फक्त मला माहीत होती. भावाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, काका वळणापलीकडं होते. बाबा पडायच्या आधी मी पाहिलं होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस ते माझ्या घशाशी बसलेलं असे. बाबांना कूस बदलवताना ते कळवळले की मला वाटे, ही कळ मी दिली आहे. मग त्यांच्यावरच खेकसायचे. "हलू नका म्हटलं नं एकदा!" ते गरीब गायीसारखे पडून राहायचे आणि मला आणखीच संताप यायचा.

दीडेक महिन्यानंतरची गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी गरम पाण्यात टॉवेल पिळून त्यांचं अंग पुसत होते. पाठ झाली, हात झाले, मोडलेल्या पायापाशी आले आणि माझे हात थांबले. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, असं वाटलं.

"बाबा," मी म्हणाले, "तुमी सरळ जाऊन राहिले होते ते मी पाह्यलं होतं."

त्यांनी मान वळवली. नजर माझ्या आवाजाच्या रोखानं होती.

"पडाच्या आधी. दोन-तीन पावलं बाकी होते. हाक मारता आली असती मले. तोंडात आली होती. मी मारली नाही."

मी वाट बघत होते. शिवी द्या म्हणत होते मनात. थोबाडीत मारा. ज्या पोरीच्या भरवशावर आंधळ्यानं पाऊल टाकलं, तिनं तोंड मिटून घेतलं, तिला काय म्हणायचं ते म्हणा. तेवढं झालं असतं तर मी मोकळी झाले असते. त्यांनी हात चाचपत पुढं केला. माझं डोकं सापडल्यावर त्यावर ठेवला.

"शाबास, बाई," म्हणाले.

एकावन्न वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी निघाला नव्हता. बारावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा नाही, नोकरीचा कागद त्यांच्या हातात ठेवला तेव्हा नाही, आईचं सात महिने अंथरुणात सगळं केलं तेव्हाही नाही. शाबासकी मिळाली ती याच्यासाठी. मी उठले, बादली उचलली आणि अंगणात जाऊन पाणी फेकलं, बादलीसकट. शेजारीण कुंपणावरून "का झालं वं?" म्हणून विचारायला लागली, तिच्यावरही ओरडले. बाबांचा राग आला, काकांचा आला, वर बसलेल्या त्या तीन दगडांचाही आला. पण सगळ्यांत जास्त राग आला तो माझा. कारण त्यांचा हात डोक्यावर होता आणि तो शब्द कानावर पडला, तेव्हा एक क्षणभर मला फार बरं वाटलं होतं.